चौथ्या पानाचा तह

पान १

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा लांबूनच नमस्कार. लांबूनच अशासाठी, की जवळ असतो तर वाकलेल्या पाठीत तू आधी धपाटा घातला असतास आणि आशीर्वाद मग दिला असतास. मी इथे खुशाल आहे. एक दाढ दुखते आहे, पण ती मी आलो तेव्हापासून दुखते आहे, त्यामुळे तिला आता आजार म्हणत नाही, सोबत म्हणतो. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची कंबर? (दोघांचं मिळून एक धड माणूस होतं, असं त्या मागे फोनवर म्हणाल्या होत्या. हे मी लिहिलं असं त्यांना सांगू नकोस.)

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यातली अडीच पानं ताईबद्दल, एक पान भाऊजींबद्दल आणि उरलेल्या अर्ध्या पानात मी जेवतो का याची चौकशी. शेवटी तांबड्या शाईने, खाली दोन रेघा मारून लिहिलं आहेस की, तू कोणाच्या बाजूचा आहेस ते स्पष्ट कळव, तिच्या बाजूचा असशील तर सुट्टीत माझ्या दारात उभा राहू नकोस. त्याच आठवड्यात ताईचंही पत्र आलं. त्यात हेच वाक्य आहे, फक्त निळ्या शाईत. एकाच आईची लेकरं आहात यात काडीचा संशय उरला नाही. आता माझी पंचाईत अशी की मला दोन वर्षांनी अकरा दिवसांची सुट्टी मिळते आहे, घरं दोन आहेत आणि दोन्ही दारांना अट लावलेली आहे. एका दारात पाय ठेवला की दुसरं बंद. फलाटावर अकरा दिवस काढता येतात का, याची मी मनातल्या मनात चाचपणीसुद्धा करून पाहिली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देणार आहे, पळून जाणार नाही. पण त्याआधी इथे काय घडलं ते ऐकून घ्यावं लागेल, कारण उत्तर त्यातूनच निघालं आहे. आणि इथे शिकलो आहे की कुठलाही वाद आधी थोडक्यात मांडता आला पाहिजे, तर आपला वाद मांडतो. आई गेली, तिचं शिलाई मशीन तुझ्या घरात राहिलं. ताई म्हणते आईने ते तिला देऊ केलं होतं, कारण शिवता तिलाच येतं. तू म्हणतोस आईची वस्तू आईच्या घरातून हलणार नाही. मग एके दिवशी तू कामावर गेलेला असताना ताई आली, वहिनींनी केलेला चहा प्यायली, कपबशी स्वतः विसळून ठेवली आणि जाताना मशीनमधली बॉबिन-केस काढून घेऊन गेली. अंगठ्याएवढी वस्तू. दोन वर्षं झाली, मशीन तुझ्याकडे आणि बॉबिन-केस दोन गल्ल्या पलीकडे तिच्याकडे. दोन घरांत मिळून एक टाका पडलेला नाही. बाजारात दुसरी मिळते हे दोघांनाही ठाऊक आहे. (तू आणत नाहीस, कारण आणलीस तर तिने नेली ते चाललं असा अर्थ होईल. ती नवं मशीन घेत नाही, कारण घेतलं तर हे तुझं झालं असा अर्थ होईल. अर्थ फार वाईट, दादा.)

पान २

आता माझ्या शिक्षणाकडे वळतो. मी विद्यापीठात आहे असं तू आपल्या गल्लीत सांगत असतोस, ते मला कळलं आहे. खोटं नाही ते. विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर आमचं बाइंडिंगचं दुकान आहे, आणि फाटक उघडं असलं की माझी सावली सकाळी दहापर्यंत आत पडते. बाकी विषयांचे विद्यार्थी पुढच्या फाटकासमोर जातात, तिथे मोठं दुकान आहे, काचेचं दार आहे. आमच्याकडे येतात ते आंतरराष्ट्रीय राजकारणाचे, एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचे, कारण त्यांचा विभाग या बाजूच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथली लिफ्ट बंद आहे. तीन मजले उतरल्यावर माणूस पुढच्या फाटकापर्यंत चालत नाही.

तर सातवीनंतर शाळेला रामराम ठोकलेल्या तुझ्या भावाने आजवर त्या विषयाचे दोनशे सतरा प्रबंध बांधले आहेत. पानं जुळवताना नजर पडतेच, आणि सरस वाळेपर्यंत हाताला दुसरं काम नसतं. विभागातल्या मोठ्या सरांनीसुद्धा इतके वाचले नसतील. (ते पहिलं आणि शेवटचं पान वाचतात. मधली कोरी निघाली तरी त्यांना चालेल, असं त्यांचेच विद्यार्थी म्हणतात.) मी जे शिकलो ते असं, की पहिल्या प्रकरणात सत्ता म्हणजे काय हे विचारलेलं असतं, मधल्यांत कोण कोणावर कसं डाफरलं ते असतं, आणि शेवटच्यात ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’. दोनशे सतरांपैकी दोनशे सतरांत ही गरज आहे. उत्तर सापडलेला माणूस अजून आमच्या दुकानात आलेला नाही.

यंदा दोघं एकाच नदीवर प्रबंध घेऊन आले. दोन देश, मधून वाहणारी एक नदी, पन्नास वर्षांपूर्वी झालेला पाणीवाटपाचा करार. वरच्या देशाने पाणी अडवलं की नाही, यावरून दोघांचं वाजलेलं. मुलगी वरच्या देशाचं बरोबर म्हणणारी, म्हणून मी तिला ‘वरची’ म्हणतो, मुलगा ‘खालचा’. मोठ्या सरांनी दोघांना तीच नदी दिली होती, मुद्दाम की विसरून, ते सरांनाही सांगता आलं नाही. एका वर्गात दोन वर्षं बसून दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण नाही. पहिल्या वर्षी भर वर्गात वरचीने त्याच्या मुद्द्याला बालिश म्हटलं होतं, तेवढंच कारण. नोटीस बोर्डासमोर एक उभं असलं की दुसरं जिन्यात थांबायचं. तुम्ही दोघं वाण्याच्या दुकानाशी करता तसं.

प्रबंध द्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकरा जण सुटी पानं घेऊन एकदम दुकानात शिरले. मालक पुढे बसून सोनेरी अक्षरांचे खिळे लावत होते आणि मागे मी एकटा. आमची पद्धत अशी, की लांब टेबलाच्या कडेने प्रकरणांचे गठ्ठे ओळीने मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत एकेक उचलत जायचं. एक फेरी, एक प्रत. फेऱ्या वाचाव्यात म्हणून मी टेबलाच्या एका अंगाला वरचीचे गठ्ठे मांडले आणि दुसऱ्या अंगाला खालच्याचे, आणि घाण्याच्या बैलासारखा फिरू लागलो. दोन्हींची चौथी प्रकरणं टेबलाच्या त्याच टोकाला, एकमेकांना खेटून. दोन्हींचा मथळा एकच, ‘प्रकरण चौथे: समोरच्या देशाचे वर्तन’. पानांचे आकडे प्रत्येक प्रकरणात एकपासून. कागद एकाच दुकानातला. पहिल्याच फेरीत मालकांनी हाक मारली म्हणून गेलो, परत आलो आणि उलट्या दिशेने फिरायला लागलो.

पुढचं तुझ्या ध्यानात आलंच असेल. वरचीच्या तिन्ही प्रतींत खालच्याचं चौथं प्रकरण गेलं आणि खालच्याच्या तिन्हींत वरचीचं. शिवलं, सरस लावला, शिकंज्यात दाबलं, तीन बाजूंनी कापलं, काळं रेक्झिन चढवलं. इतकं सुरेख बांधलं होतं की मालक एरवी कधी बोलत नाहीत ते म्हणाले, हात बसला तुझा.

पान ३

पंधरा दिवस सगळं शांत. (बांधलेला प्रबंध ज्याचा तोसुद्धा उघडत नाही. मी उघडला नसता.) मग एका दुपारी वरची दुकानात आली, प्रबंध टेबलावर ठेवला आणि उघडून चौथ्या प्रकरणावर बोट आपटलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा शेरा तिच्या हातात होता. त्यांनी लिहिलं होतं की, तीन प्रकरणं एका देशाची बाजू ठामपणे मांडून चौथ्यात स्वतःच्याच विरोधात इतका सडेतोड पुरावा देण्याचं धाडस या विभागात प्रथमच दिसलं. तिला वाटलं सर टोमणा मारताहेत. म्हणून तिने उघडून पाहिलं. तासाभराने खालचाही आला, त्याच्या हातात तसाच शेरा, फक्त त्याच्यात ‘धाडस’च्या जागी ‘औदार्य’ होतं. दुकानात ती एका भिंतीशी, तो दुसऱ्या भिंतीशी आणि मधे मी, सरसाचं भांडं हातात धरून.

खरं सांगावं तर पुन्हा प्रबंध द्यायचा, म्हणजे सहा महिने वाया आणि मिळालेलं कौतुकही परत. न सांगावं तर आठ दिवसांनी तोंडी परीक्षा, आणि परीक्षक चौथ्या प्रकरणावरच विचारणार हे आंधळ्यालाही दिसत होतं. म्हणजे तिला त्याचं प्रकरण स्वतःचं म्हणून बोलता आलं पाहिजे आणि त्याला तिचं. दोघांनी वेगवेगळं मला सांगितलं की ठीक आहे, शिकते, शिकतो, पण त्याच्याशी बोलणार नाही, तिच्याशी बोलणार नाही. आणि मालकांना कळलं तर माझी नोकरी जाणार, हे त्यांनी न बोलता मला ऐकवलं. गोदाम सोडलं, लाँड्री सोडली, लिफ्ट चालवणं सोडलं, तेव्हा मला कधी वाईट वाटलं नव्हतं. पायाला भिंगरी आहे हे तू म्हणतोसच. या टेबलाचं मात्र वाटलं. म्हणून मी मध्यस्थ झालो.

मध्यस्थ म्हणजे काय, तर मालक दुपारनंतर घरी गेले की वरची दुकानात बसायची, खालचा रस्त्यापलीकडच्या झाडाखालच्या बाकावर. ती प्रश्न सांगायची, तो मी रस्ता ओलांडून न्यायचा आणि उत्तर घेऊन यायचं. रस्ता रुंद आहे आणि वाहनं फार, त्यामुळे जीव वाचवण्याच्या नादात अर्धा प्रश्न मधेच गळायचा. तिने विचारलं, पाण्याची मोजणी कोणत्या महिन्यातली घेतली आहेस? मी त्याला विचारलं, मोजणी घेतली आहेस का? तो भडकला, म्हणाला, तिला म्हणावं डोळे उघडून वाच. रस्ता ओलांडेपर्यंत मला वाटलं हे जरा कडक होतंय, म्हणून तिला सांगितलं, तो म्हणतो डोळ्यांची काळजी घे. तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी मी करारातल्या दोन कलमांची अशी काही खिचडी करून नेली की खालचा तिरीमिरीत उठला, रस्ता ओलांडून दुकानात आला आणि थेट तिला म्हणाला की मी असं म्हटलेलंच नाही. तीही म्हणाली की मी असं विचारलेलंच नाही. मग दोघं माझ्यावर तुटून पडले. मग माझा विसर पडला. संध्याकाळपर्यंत टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडत होते, मधे नदीचा नकाशा, तो उडू नये म्हणून वर माझं दाभण आणि सरसाचं भांडं.

दादा, त्या दिवशी माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी निरोप नीट पोचवले असते तर ते दोघं आजही दोन भिंतींना टेकून असते. दोन वर्षं मी तुझा राग ताईला आणि ताईचा राग तुला काना-मात्रा न गाळता पोचवत आलो, कुठं एक थेंब सांडू दिला नाही. चुकलो ते तिथं.

परीक्षेच्या दिवशी मी बांधलेल्या वह्या पोचवायच्या निमित्ताने तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि दाराबाहेर गठ्ठा मोजत बसलो. खालच्याने म्हणे वरच्या देशाचा कैवार इतक्या आवेशाने घेतला की परीक्षकांनी त्याला पाणी प्यायला लावलं. वरचीला त्यांनी विचारलं की, पाणी अडवल्याची माहिती वरच्या देशाने लपवली असं तुम्ही चौथ्या प्रकरणात लिहिता, हे तुम्हाला स्वतःला पटतं का? मग ती म्हणाली,

‘पटत नाही, सर. पण तो असं का म्हणतो ते आता कळतं.’

‘तो’ कोण, हे परीक्षकांनी विचारलं नाही. खालचा देश असं त्यांनी धरलं असावं. दोघं पास झाले. (लगेच लग्नाच्या गाठी बांधू नकोस. ते अजून भांडतात, फक्त समोरासमोर भांडतात, आणि भांडायला दुकानात येतात ही माझी डोकेदुखी.) अशाच एका भांडणात मालकांना सगळं कळलं. मी गाशा गुंडाळायच्या तयारीनं उभा राहिलो. मालकांनी चष्मा पुसला, परत घातला आणि हळूच विचारलं, त्या दिवशी अकरा होते ना? मग बाकीच्या नऊंचं काय? ते आम्हाला दोघांनाही माहीत नाही. तक्रार कोणाची आलेली नाही, म्हणजे कोणी उघडलेलेच नाहीत. नोकरी राहिली आहे, पण सध्या मला फक्त कोऱ्या वह्या बांधायला देतात. त्यांत चौथं प्रकरण नसतं.

तर आता तुझ्या तांबड्या शाईचं उत्तर. मी कोणाच्या बाजूचा, हे एक अक्षर न फिरवता लिहितो. मन घट्ट कर. माझं म्हणणं असं, की

पान ४

हे तूही मनातून जाणतेस, ताई. तू पत्रात दादाला खजिन्यावर बसलेला नाग म्हणालीस. शोभतं ते त्याला, नाक तर अगदी तसंच आहे. पण नाग दर रविवारी खजिन्याला तेल घालत बसत नाही. वहिनींनी मला सांगितलं आहे, जेवण झालं की तो खोलीचं दार लोटून घेतो, मशीनचं झाकण काढतो, आईच्या त्या पोपटी फडक्याने सगळं पुसतो, भोकाभोकांत तेल सोडतो आणि चाक रिकामंच फिरवून बघतो. दोन वर्षं. कोणाला दिसत नाही असं त्याला वाटतं, पण तो आवाज स्वयंपाकघरात ऐकू जातो. ज्याला मशीन नुसतं बळकावून ठेवायचं असतं, तो ते सुरळीत चालावं म्हणून कशाला झटेल? कोणीतरी येऊन शिवेल म्हणूनच ना? आणि घरात शिवता येणारं माणूस कितीसं आहे?

दुसरं तुला माहीत नसलेलं सांगतो. दहावीचा तुझा निकाल बघायला तो गेला होता, आणि मी त्याच्या सायकलवर मागे बसलो होतो. तू गणितात गेली होतीस. त्याने यादी तीनदा वाचली. मग घरी यायचं सोडून मला गावभर फिरवत राहिला, आणि घरात शिरताना म्हणाला की निकाल उद्यावर गेला. तू त्या दिवशी मैत्रिणींबरोबर फिरायला जाणार होतीस, नवा पोशाख शिवला होतास. तेवढा एक दिवस तुझा आनंदात जावा, एवढंच. मला गप्प राहायला पेपरमिंट दिलं होतं, आणि मी आजपर्यंत गप्प राहिलो, म्हणजे स्वस्तात पटलो.

तेव्हा ताई, बॉबिन-केस तुझ्याकडे आहे ती असू दे, पण त्याला नाग म्हणायचं सोड. मी सतरा तारखेला येतो आहे, गाडी

पान ५

एवढंच, दादा. मनात होतं ते सगळं मांडलं. राग आला असेल तर पाणी पी, परीक्षकांचा उपाय आहे, लागू पडतो.

बाकी इथे सगळं ठीक. खोलीत आम्ही तिघं आहोत. एक सुतार, एक रंगारी आणि मी. सुताराने मला एक स्टूल करून दिलं आहे, ते डुगडुगतं, पण रंगाऱ्याने त्याला असा रंग दिला आहे की बसणाऱ्याला पडल्यावरच कळतं. गुडघ्याला तेल लावत जा. (तेलाची बाटली कुठे ठेवलेली असते ते तुला माहीत आहे.) वहिनींना नमस्कार, त्यांच्यामुळे मला बरंच काही कळतं. आईच्या फोटोवरची धूळ ताई पुसायची, आता कोण पुसतं ते कळव.

तुझा, सातवी पास आणि एम.ए. बाइंडिंग,

धाकटा

ता. क. तुझ्या लक्षात आलं असेल की पान चार तुझं नाही, ते ताईचं आहे. तुझं पान चार तिच्या पाकिटात गेलं. दोन्ही पत्रं एकाच टेबलावर मांडली होती आणि मी भोवती फिरत होतो, तुला माझी सवय माहीत आहे. मी कोणाच्या बाजूचा ते त्या पानावर आहे. वाचायचं असेल तर दोन गल्ल्या पलीकडे जावं लागेल. ती तुझी वाट बघत असेल, कारण तिचं पान तुझ्याकडे आहे, आणि ‘गाडी’ या शब्दापर्यंतचं तिला काही कळलेलं नाही.

ता. क. २. मी येतो ती तारीख तुझ्याकडच्या पानावर आहे. गाडी कोणती आणि किती वाजता, ते तिच्याकडच्या पानावर. फोन करून विचारशील, तर फोन तोवर बंद आहे. बिघडलेला नाही, बंद आहे.

ता. क. ३. तिने तुझ्याबद्दल नाग वगैरे म्हटलं आहे ते मनावर घेऊ नकोस. तू तिला काय काय म्हणालास ते तुझ्या पान चारवर मी जसंच्या तसं उतरवलं आहे, आणि ते तिने आत्तापर्यंत वाचलं असेल. म्हणजे फिटंफाट.

ता. क. ४. एक काम आहे, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसलो. माझी बरी अशी एकच पँट आहे आणि ती मागून वीतभर उसवली आहे. तीच घालून येणार आहे, वर लांब शर्ट सोडून. तेव्हा मी उतरायच्या आत मशीनमध्ये बॉबिन-केस बसलेली पाहिजे आणि समोर ताई. इथे दाभण-दोरा दिवसभर हातात असतो, दहा मिनिटांचं काम होतं. मुद्दाम शिवली नाही.